गवताला काय वाटते?

मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यातले मोठे निर्णय स्वतः घ्यावे लागत नाहीत, ही एक फार चांगली सोय आहे. जन्म कोणत्या घरात घ्यावा हे त्याला कोणी विचारत नाही. शाळा घराजवळची असते. नोकरी मामांच्या ओळखीने लागते. लग्न पत्रिका, मावशी आणि मुहूर्त या तिघांच्या बैठकीत ठरते. एवढे सगळे परस्पर उरकल्यावर त्याची जी विचारशक्ती शिल्लक राहते, ती तो मग साबण, पंखा आणि टूथपेस्ट निवडण्यात खर्च करतो. मुलगी पाहायला गेल्यावर पोहे संपायच्या आत होकार देणारे आणि पुढे मिक्सर घेताना साडेसात महिने लावणारे एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचा संसार उत्तम चालला आहे. मिक्सर दुरुस्तीला आहे.

माझेही तसेच. जालना मी निवडले नाही, नोकरीने निवडले. एमआयडीसीतल्या एका री-रोलिंग मिलच्या हिशेबखात्यात मी चिकटलो आणि औरंगाबाद रोडच्या अंगाला, भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर घर केले. (औरंगाबादचे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. रस्ता तोच आहे.) ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण इकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. पाळण्यात हल्ली सोन्याच्या जागी भंगार असते, एवढाच फरक. कुठकुठचे भंगार इथल्या भट्ट्यांत वितळते, त्याच्या सळया होतात आणि गावोगावच्या स्लॅबांत जाऊन बसतात. दुसऱ्या बाजूला बियाणे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका हातात लोखंड आणि दुसऱ्या हातात बी, असे हे गाव. या दोन विषयांवर इथे पानटपरीवर विचारले तरी तज्ज्ञांचे मत मिळते. मला मात्र ऐन पंचेचाळिशीत जो प्रश्न पडला तो तांब्याचा होता.

साल २०१०. चिरंजीव बारावी झाले होते आणि इंजिनिअरिंगचे फॉर्म ऑनलाइन भरायचे होते. “कॅफेत जाऊन भरू,” मी म्हणालो. चिरंजीवांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याला कंदिलाखाली अभ्यासाला बसवतो आहे. सौ.ने नेहमीप्रमाणे न बोलता मत दिले. इंटरनेट घरात घ्यायचे ठरले. आणि इथे प्रथमच नियतीने माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले आणि स्वतः बाजूला झाली. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट मिळत होते, केबलच्या तारेवरूनही मिळत होते. दोन्ही तारा घरात होत्याच. एक पुढच्या खिडकीतून आलेली, एक मागच्या. मधे मी.

टेलिफोनची तार हे आमच्या घरातले खानदानी प्रकरण. ज्यांनी १९८० च्या दशकात फोनसाठी नाव नोंदवले त्यांना आठवत असेल, अर्ज बापाने करायचा आणि घंटी मुलाने ऐकायची असा तो मामला असे. फोन आला की पेढे वाटत. त्याला विणलेला रुमाल, खाली तिपाई आणि शेजाऱ्यांच्या माहितीसाठी डायलला छोटे कुलूप. पुढे १ ऑक्टोबर २००० ला सरकारी खात्याची कंपनी झाली, भारत संचार निगम, आणि तिने ब्रॉडबँड सुरू केले ते १४ जानेवारी २००५ रोजी. म्हणजे ऐन संक्रांतीला. गोड बोला, आणि अखंड बोला.

या तारेची गंमत मला मिलमधल्या इलेक्ट्रिशियनने समजावून दिली. तांब्याची एकच जोडी. तिच्यावरून खालच्या पट्टीत माणसाचे बोलणे जाते आणि वरच्या पट्टीत संगणकाचे. तळमजल्यावर मालक आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू. दोघांच्या भानगडी एकमेकांना ऐकू येऊ नयेत म्हणून मधे एक डबी बसवतात, तिला स्प्लिटर म्हणतात. मात्र वरची पट्टी नाजूक. एक्स्चेंजपासून तार जितकी लांब तितका तो आवाज विरत जातो. पाचेक किलोमीटरच्या पुढे तर नावालाच उरतो. गावाबाहेर घर करणाऱ्याला हे थोडे बोचते. शिवाय या पद्धतीचे पूर्ण नाव असे, की तिच्यात वरून खाली येणारा वेग जास्त आणि खालून वर जाणारा कमी. हे ऐकून मला जराही नवल वाटले नाही. सरकारी हुकूम आणि जनतेचे अर्ज यांची गती आम्ही पूर्वीपासून पाहतच आलो आहोत.

केबलची तार तुलनेने पोरसवदा. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास लोकांना घरबसल्या लढाई पाहण्याची चटक लागली, छतांवर तबकड्या आल्या आणि गल्लीगल्लीतल्या उद्योगी पोरांनी एकीवरून शंभर घरांना तारा ओढल्या. कायदा आला १९९५ साली. वऱ्हाड जेवून उठल्यावर आमंत्रणपत्रिका छापावी तसा. त्याच पोरांनी पुढे त्याच गच्च्यांवरून इंटरनेटची वेगळी तार ओढली. आमच्या गल्लीचे सगळे इंटरनेट चौथ्या घराच्या जिन्याखाली एका डबीत राहत असे. त्या घरातली वीज गेली की आख्खी गल्ली जगापासून तुटे. आणि त्या काकूंचा मिक्सर लागला की काय, अशी चौकशी चालू होई. संक्रांतीला पतंगाच्या मांज्याने तार कापली जाई. दुपारी वेग असा, की पान उघडायच्या आधी वाचून झाले असे वाटावे. संध्याकाळी सात वाजता सगळी गल्ली एकदम बसली, की नळाला सगळ्यांनी एकदम पाणी भरायला घेतल्यासारखे. बादलीत थेंब.

२००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची व्याख्या केलेली होती: सेकंदाला २५६ किलोबिट. २०२३ साली ती वाढवून २ मेगाबिट केली. पण २०१० साली २५६ या आकड्याला आमच्याकडे छातीच्या मापाचा मान होता. टेलिफोनवाल्यांची एक योजना तेव्हा प्रसिद्ध होती. रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, हिशेब नाही. त्यापायी कित्येक घरांतली तरुण पिढी ब्राह्ममुहूर्ताच्याही आधी उठू लागली. जे शंभर कीर्तनकारांना जमले नव्हते ते एका योजनेने केले. उठून ती पिढी काय उतरवून घेत होती, हा वेगळा विषय.

मिलमध्ये खरेदीचा एक नियम आहे. तीन कोटेशने घ्या, सगळ्यात कमी भावाला ऑर्डर द्या. इथे कोटेशने दोनच. डिस्पॅचमधले आमचे एक सहकारी म्हणाले, तिसरे मी टाइप करून देतो, त्यात काय? त्यांनी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन्हीकडचे गुण-दोष लिहिले. भाडे, वेग, वेळ, पाऊस, संध्याकाळ. बेरीज करायला गेलो तर दोन्हीकडे सारखी आली. आयुष्यभर ताळेबंद जुळवण्याची सवय असलेल्या माणसाला बेरीज जुळल्याचे एवढे दुःख कधी झाले नसेल.

अशा वेळी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात एक गाढव येते. चौदाव्या शतकात बुरिदाँ नावाचा एक फ्रेंच पंडित होऊन गेला, त्याच्या नावावर हे गाढव आहे. समान अंतरावर समान गवताचे दोन भारे. इकडे जावे की तिकडे, याला कारण सापडत नाही, म्हणून ते मधेच उपाशी मरते. बुरिदाँच्या ग्रंथांत हे गाढव सापडत नाही म्हणतात. बहुधा ते कंटाळून निघून गेले असावे. त्याच्याही आधी इमाम गझालीने हाच प्रश्न दोन सारख्या खजुरांवर घातला होता आणि सांगितले होते, की माणूस असा अडत नाही, एक उचलतो आणि खातो. मला गझालीचे पटते. आमच्या गल्लीतले कोणतेही गाढव दोन्ही भारे खाऊन वर तिसऱ्याच्या अंगणात शिरेल. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी अशी आपल्याकडे म्हण आहे, पण त्यात चूक यजमानांची असते, पाहुण्याची नसते.

पण त्या रेघ मारलेल्या कागदाकडे बघता बघता मला या गाढवाच्या गोष्टीत एक गफलत दिसू लागली. गाढवाने डावा भारा सोडला तर डाव्या भाऱ्याला काय वाटते? काही नाही. गवत ते. त्याला घर नाही, दार नाही, निवृत्तीला किती वर्षे राहिली याचा हिशेब नाही. तत्त्वज्ञांनी मोठ्या हुशारीने प्रश्नातून तेवढेच काढून टाकले आहे. माझ्या दोन्ही तारांच्या टोकाला माणसे होती.

टेलिफोनच्या तारेच्या टोकाला लाइनमन मामा. मामा बदनापूरकडचे. सायकलला शिडी, खांद्याला बॅग, आणि कानाला लावायचा तो कमरेचा फोन. आमच्या खांबावरच्या डब्याचे दार उघडले, की कोणत्या जोडीला कोणाचे घर हे ते डोळे मिटून सांगत. केबलच्या टोकाला एक पोरगा. दहावीला दोनदा बसून पास झालेला, मोटारसायकलवर तारेचे भेंडोळे, आणि वय पाहता सगळ्यांना काका-काकू. रात्री दहाला फोन केला तर साडेदहाला गच्चीवर हजर. “काका, टेन्शन कामून घेता? मी हाय ना!” त्या ‘हाय ना’वर निम्मा धंदा चाले. पावती मागितली की मात्र तो असा दुखावल्या नजरेने पाही, की आपण त्याच्या आईबद्दल काहीतरी बोललो.

मी मामांना सहज विचारले, इंटरनेट तुमच्याकडून घेऊ की त्या पोराकडून? मामांनी बॅगेतला पाना काढून पुन्हा बॅगेत ठेवला.

“त्याच्याकडून घ्या साहेब, तुमचं घर लांब पडतं,” मामा म्हणाले. मला वाटले झाले, सुटलो. पण मामा पुढे बोलले. “तेवढा फोन बंद करू नका. या डब्यात दहा जोड्या व्हत्या. आता तीन चालू हायेत. तुमची, त्या पिठाच्या गिरणीची अन् गुरुजींची. माझ्याकडं असे चाळीस डबे. रस्ता खोदणारे येतात, केबल तोडून जातात. जिथून जास्त तक्रारी येतील तिथं मी आधी शिडी लावतो. दहा जणांचा डबा बंद पडला तर दहा जण ओरडतात, साहेबाला वर जबाब द्यावा लागतो. एकट्याचा पडला तर...” इथे मामांनी वाक्य पूर्ण केले नाही. शिडी उचलली.

गुरुजी म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर. त्यांची मुलगी पुण्याला. दर रविवारी सकाळी नऊला फोन. गुरुजींना मोबाइलवर नीट ऐकू येत नसे आणि पडद्यावरची अक्षरे दिसत नसत. घरच्या फोनचा नंबर मात्र त्यांना, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या अर्ध्या तालुक्याला, पाठ. तक्रारीचा १९८ हा नंबर तर त्यांना पाढ्यातला वाटे. म्हणजे इंटरनेट कुठून घ्यावे हा माझा प्रश्न आतल्या आत बदलून, माझ्या निघून जाण्याने गुरुजींच्या रविवारचे काय होईल, असा झाला. मला कागदावर त्यासाठी रकाना सापडेना.

माझ्या या अडचणीवर १९७० साली एका अर्थशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ठेवले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अल्बर्ट हर्शमन त्याचे नाव. मूळचा बर्लिनचा, १९३३ साली हिटलर आल्यावर देश सोडून निघाला आणि शेवटी अमेरिकेत स्थिरावला. तो म्हणतो, एखादी संस्था, दुकान, पक्ष, काहीही बिघडू लागले, की तिच्यातल्या माणसांपुढे दोन वाटा असतात. सोडून जावे, किंवा आत राहून ओरडावे. आणि निष्ठा नावाची एक चीज असते, ती माणसाला सोडून जाण्यापासून थोडा वेळ धरून ठेवते, तेवढ्या वेळात तो ओरडतो.

त्याला हे सुचले ते नायजेरियाच्या रेल्वेवरून. उत्तर नायजेरियातला भुईमूग शेकडो मैलांवरच्या बंदरांकडे रेल्वेने जायचा. पुढे ट्रक आले. आता अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे स्पर्धा आली म्हणजे रेल्वेने ताळ्यावर यायला हवे. ती आली नाही. उलट आणखी बिघडली. कारण ज्यांचा माल अडकत होता, ज्यांचे नुकसान होत होते, जे स्टेशनमास्तरच्या टेबलावर हात आपटून जाब विचारू शकत होते, नेमके तेच पहिल्यांदा ट्रककडे गेले. मागे राहिले ते गप्प बसणारे. रेल्वेला तोटा झाला तरी सरकार भरून देई. त्यामुळे गिऱ्हाईक गेल्याचे दुःख नव्हते, उलट कटकट गेल्याचा आनंद होता.

हे वाचले आणि मला वाटले, हा मनुष्य जालन्यात राहून गेला असावा.

कारण आमच्याकडे हे फक्त तारेचे नाही. पाण्याचे पाहा. जालन्याला नळाचे पाणी ही सणासुदीसारखी गोष्ट. किती दिवसांनी येणार याच्या तारखा लोक पंचांगासारख्या लक्षात ठेवत आले. २०१२-१३ च्या दुष्काळात तर मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि गावात टँकर हाच नळ झाला. तेव्हा काय झाले? ज्याच्या खिशात होते त्याने आधी बोअर पाडला. तो आटल्यावर टँकर सांगितला. मग पिण्यासाठी जार सुरू केला. प्रत्येक बंगला म्हणजे एक छोटी नगरपालिका. नगराध्यक्ष, अभियंता, व्हॉल्व्हमन सगळे आपणच. आणि ज्या दिवशी डॉक्टर, वकील, मिलमालक आणि हिशेबखात्यातले आम्ही लोक नळावरून उठलो, त्या दिवशी नळाची बाजू घेऊन इंग्रजीत किंवा शुद्ध मराठीत अर्ज लिहिणारे संपले. मागे हंडे उरले. हंड्यांचा आवाज मोठा असतो, पण तो रस्त्यावरच राहतो. टेबलापर्यंत जात नाही.

शाळेचेही तेच. ज्यांच्या पोरांना घरी कोणी विचारणारे होते त्यांनी पोरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढली, म्हणजे मास्तरांना विचारणारे आईबापही काढले. एस.टी.चेही तसेच झाले. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीशी हुज्जत घालणारा वर्ग आता स्वतःच्या गाडीत बसून, खड्ड्यांशी हुज्जत घालत जातो. सोडून जाणाऱ्याचे चुकले म्हणावे तर प्रत्येकाकडे कारण आहे, आणि कारण खरे आहे. म्हणून तर प्रश्न अवघड.

सौ.ला मी हे सगळे सांगितले. म्हणजे हर्शमन तेव्हा माहीत नव्हता, पण गुरुजी आणि डबा सांगितला. ती कुकरची शिट्टी मोजत होती. म्हणाली, “अहो, गुरुजींच्या रविवारासाठी पोराचा फॉर्म अडकवायचा का?”

याला उत्तर नव्हते. स्वतःच्या घरापुरता विचार करणे याला आपण स्वार्थ म्हणतो, पण ज्याच्या घरात इंजिनिअरिंगचा फॉर्म आहे त्याने तो विचार केला नाही तर त्याला काय म्हणायचे, तेही एकदा ठरवायला हवे. शिवाय केबलवाला पोरगा काही टाटा-बिर्ला नव्हता. त्याच्या घरीही आई होती, आणि मोटारसायकलचा हप्ता होता. माझे भाडे मामांच्या पगारात एक पैशानेही फरक करणार नव्हते. पोराच्या महिन्यात करणार होते. आणि खरे सांगायचे तर सोडून जाणाऱ्यांनी देशाचे भलेही केले आहे. फोनसाठी वर्षानुवर्षे थांबण्याची ती रांग कोणाच्या ओरडण्याने संपली? ओरडणारे तर आधीही होते. १९९५ साली मोबाइल आला, नंतर तो स्वस्त झाला, लोक तिकडे वळू लागले, तेव्हा कुठे रांग वितळली. ज्याला जायला दुसरे दारच नाही, त्याच्या ओरडण्याला कोण विचारतो? हर्शमनही हेच म्हणतो: निघून जाऊ शकणाऱ्याची तक्रार जास्त ऐकली जाते. फक्त त्याने निघून जाता कामा नये. किंवा गेला तर फार लवकर जाता कामा नये. थोडक्यात, सासरी नांदणाऱ्या मुलीला माहेर जवळ असावे, पण तिने रोज उठून जाऊ नये, हे आमच्या आजीचे मत त्याने हार्वर्डच्या छापखान्यात छापून घेतले.

शेवटी इंटरनेट मी केबलचे घेतले आणि फोन ठेवला. फोनचे भाडे दरमहा भाजीच्या एका पिशवीएवढे. सौ.ने घरखर्चाच्या वहीत त्याला स्वतंत्र रकाना पाडला आणि वर लिहिले, ‘ओरडण्याचे भाडे’. दूध, पेपर, ओरडणे.

ही योजना कशी चालली ते सांगतो. गुरुजींचा फोन बंद पडला की माझाही पडे, कारण डबा एकच. गुरुजी त्याच तासाला कॅफेशेजारच्या दुकानातून तक्रार नोंदवत. मग काठी टेकत आमच्या दाराशी येत. “तुमचा आहे का हो?” मी रिसीव्हर उचलून पाही. नसे. मग मी माझी तक्रार नोंदवे. गिरणीवाल्याला निरोप जाई. तीन तक्रारी झाल्या की मामांची शिडी लागे. दोन-तीन वर्षे हे बरे चालले. पण मामा चतुर. एकदा डब्याचे दार लावता लावता म्हणाले, “साहेब, गुरुजींच्या तक्रारीला दम असतो. तुमची तक्रार आपली हजेरी लावल्यासारखी.”

मामांनी एका वाक्यात हर्शमनची एक बाजू लंगडी केली. ज्याचे काम अडलेले नाही त्याचे ओरडणे कितीही प्रामाणिक असो, त्यात भूक नसते. माझ्या घरात दुसऱ्या तारेवर सगळे चालू होते. मी ओरडत होतो ते तत्त्वासाठी. गुरुजी ओरडत होते ते मुलीसाठी. तत्त्वासाठी ओरडणाऱ्याचा आवाज आपोआप सभ्य होतो, आणि सभ्य आवाजाला शिडी उशिरा लागते. तरीही तीन म्हणजे तीन. शून्यापेक्षा हजेरी बरी, असे मी स्वतःला सांगत भाडे भरत राहिलो. चिरंजीव इंजिनिअर झाले, पुण्याला गेले, आणि दर दिवाळीला येऊन तिपाईवरच्या फोनकडे पाहत विचारू लागले, “बाबा, हे अजून आहे?”

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि गल्लीतल्या शेंगदाणेवाल्याच्या हातातही इंटरनेट आले. गिरणीवाल्याने फोन काढला. आणि ३१ जानेवारी २०२० रोजी सरकारी दूरसंचार कंपनीतले पंच्याहत्तर हजारांहून जास्त लोक एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांत आमचे मामा. निरोप घ्यायला आले तेव्हा सायकलला शिडी नव्हती, त्यामुळे मला ते पटकन ओळखूच आले नाहीत. चहा घेतला. जाताना खांबाखाली थांबून डब्याकडे पाहिले आणि सवयीने खिशात पाना चाचपला. “दोन जोड्या राह्यल्या,” म्हणाले. “सांभाळा.”

तांब्याचे दिवस भरतच आले होते. ठिकठिकाणी काचेची तार येऊ लागली. आणि गंमत पाहा, टेलिफोनवाल्यांकडे आता खांबावर चढायला माणसे उरली नव्हती, केबलवाल्यांकडे भरपूर होती. तेव्हा दोघांनी भागी केली. तार यांच्या नावाची, ओढणारी पोरे त्यांची, उत्पन्नात वाटा. मी ज्या दोन भाऱ्यांमधे महिनाभर तळमळलो होतो ते भारे एकाच गाडीत भरून दारात आले.

गुरुजींच्या घरी काचेची तार घेऊन आला तो आपला केबलवाला पोरगाच. आता पोरगा कसला, पोट सुटलेले, हाताखाली दोन पोरे, पण आम्हाला अजून काका. त्याने गुरुजींचा जुना नंबर नव्या डबीवर आणून दिला. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसाला दुसरे काही नको होते. त्याने स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला, घंटी वाजली, गुरुजींनी रिसीव्हर उचलून त्याच्याकडे पाहत “हॅलो, कोण?” विचारले, आणि समोर उभ्या पोराने “मी हाय ना गुरुजी!” असे त्यात सांगितले. गुरुजी खूश झाले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि वही काढली.

“तक्रार कुठं करायची? १९८?”

“नाही गुरुजी, थेट मला लावा.” त्याने नंबर सांगितला. गुरुजींनी आकडे सुटे सुटे, शाळेच्या फळ्यावर काढावेत तसे लिहून घेतले.

“आणि समजा, तुझीच तक्रार करायची असली तर?”

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. हाताखालच्या दोन पोरांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्याने आणखी एक नंबर सांगितला. गुरुजींनी तोही लिहून घेतला, खाली रेघ मारली आणि वही बंद केली.

संध्याकाळी मी तो नंबर सहज लावून पाहिला. त्याच्याच दुसऱ्या खिशात वाजला.